तिने नाव विचारलं, आणि नाव गेलं एजंटचं

मला आलेलं हे पत्र लांब आहे, वहीची सात पानं फोटो काढून पाठवलेली. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. मुलगा २६ वर्षांचा, दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावचा, मर्चंट नेव्हीत एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी. तिसरं कॉन्ट्रॅक्ट संपवून एप्रिलमध्ये साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाज सोडून, घरी आलाय, घरी वडिलांची मासेमारीची बोट आहे, वहिनी होमस्टे चालवते. कॉन्ट्रॅक्टच्या सहाव्या महिन्यात जहाज अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला लागलं तेव्हा बोसन (खलाशांचा मुकादम) आणि अजून दोघांबरोबर तो एका स्ट्रिप क्लबात गेला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि एका रात्रीत ६४० डॉलर घालवून आला. घरी सांगितलं, जहाजावर नोकरी लावणाऱ्या एजंटने पंचावन्न हजार कापले. त्या पैशातून बोटीच्या इंजिनचं काम व्हायचं होतं. आता स्थळं बघणं चालू आहे, ऑगस्टमध्ये पुन्हा जॉईन व्हायचंय आणि जहाज परत अमेरिकेकडे जाईल असं दिसतंय. त्याचे प्रश्न त्याच्याच शब्दात: "ताई, मी वाया गेलोय का? जिच्याशी लग्न ठरेल तिला हे सांगू का? आणि ती मुलगी माझ्याशी खरंच वेगळी वागली, नाव विचारलं, इन्स्टावर रिप्लाय पण दिला, परत गेलो तर तिला भेटू का? पण कधीकधी असं पण वाटतं की त्या बाईने मला लुबाडलं."

अरे बाबा,

सात पानांतली साडेसहा पानं त्या रात्रीवर आहेत. लाईट कसे जांभळे होते, एसी एवढा की तुझे दात वाजत होते, तिने ग्लास धरला तेव्हा अंगठ्याच्या नखाचा रंग अर्धा उडालेला होता, बोसन काय बोलला, सगळं. आणि पाचव्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात कोंबलेली एक ओळ, "बाबा गावात सगळ्यांना सांगतायत एजंट चोर आहे पण ते जाऊ दे." मी वाचता वाचता तिथेच अडकले. ते कसं काय जाऊ दे? पण येते त्याच्याकडे, आधी तू जे विचारलंयस ते बघू.

वाया गेलास का, तर नाही. म्हणजे माझ्या मते नाही, तुझ्या आजीचं मत वेगळं असेल. परक्या देशात, तिथल्या कायद्याने चालणाऱ्या जागी, स्वतःच्या पगारातले पैसे मोजून तू नाच बघितलास, अंगचटीला गेला नाहीस, कुणाला त्रास दिला नाहीस, शुद्धीत परत आलास आणि वेळेत गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, चढलास. ती मुलगी पण अल्पवयीन नसणार, टेक्सासमध्ये २०२१ पासून अशा क्लबात काम करणारी व्यक्ती २१ वर्षांच्या आतली चालत नाही. आणि गंमत म्हणून सांगते, तिकडे २००७ सालापासूनचा एक कायदा आहे, अशा क्लबातल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे क्लबने सरकारला फी भरायची, सुरुवातीला ती ५ डॉलर होती, आणि तो पैसा लैंगिक अत्याचार झालेल्यांच्या मदतीसाठी वापरायचा. नाचायच्या खांबावरून, म्हणजे पोलवरून, लोक त्याला हसत हसत पोल टॅक्स म्हणतात. क्लबवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०११ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टात हरले. म्हणजे तू गेटवर दिलेल्या वीस डॉलरमधले थोडे कदाचित कुणाच्या तरी औषधपाण्याला गेले असतील. पुण्य मिळालं असं मी म्हणत नाहीये.

आता हे धंदे असावेत की नसावेत यावर शहाण्या माणसांचंही एकमत नाही. आइसलंडने २०१० मध्ये असे क्लब बंदच करून टाकले, बाईच्या अंगावर मालकाने नफा काढायचा नाही म्हणून. आणि अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये बरोबर उलटी वाट धरली, बंद नको पण तिथे काम करणाऱ्या बायकांना सुरक्षा द्या, बाउन्सरला ट्रेनिंग द्या, आणि बाईला मालकाच्या कर्जात अडकवू नका असा कायदा केला. मला दुसरी बाजू जास्त पटते, तुला पहिली पटली तरी चालेल, पण मग पटल्यासारखं वाग, नाहीतर गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि बाहेर आल्यावर "बायका बिघडल्यात" म्हणायचं, असले पुरुष आपल्या कोकणात काय कमी आहेत?

यावरून पनवेल आठवलं. तू लहान होतास. सिडकोने जमिनी घेतल्यावर पनवेल-उरणच्या बाजूला ज्यांच्या हातात पैसा आला, जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले आणि विकलेही गेले, त्यातल्या कितीतरी जणांच्या रात्री हायवेच्या डान्सबारमध्ये गेल्या. माझ्या नात्यातले एक काका होते, नोटांचं बंडल दातांनी सोडायचे, खरंच, रबर दातात धरून ताणायचे, आणि मग एकेक नोट बोटाने सटकवायची, त्यांच्या हाताला ती सवय एवढी लागलेली की घरी सत्यनारायणाला सुपाऱ्या मांडतानापण तसाच अंगठा हलायचा. काकांचं सगळं गेलं. घरात सगळे कुणाला शिव्या द्यायचे? "त्या बारवाल्या बायांना." नोटा कोण उडवत होतं यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मग २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना बंदी आली, थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना मात्र सूट, म्हणजे श्रीमंताने बघितलं तर संस्कृती आणि बाकीच्यांनी बघितलं तर अनाचार. पाऊण लाख बायकांचं काम गेलं असं तेव्हा सगळीकडे सांगितलं जायचं. २००६ मध्ये हायकोर्टाने ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचं म्हणणं उचलून धरलं, सरकारने पुन्हा कायदे आणले २०१४ आणि २०१६ मध्ये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या, सीसीटीव्हीची, देवळा-शाळेपासून एक किलोमीटरची वगैरे. पण दोन गोष्टी ठेवल्या, वेळ संध्याकाळी सहा ते साडेअकरा, आणि नोटा उडवायच्या नाहीत. टीप हातात देता येते, अंगावर फेकता येत नाही. मला हा फरक फार आवडतो. हातात देताना समोरच्या माणसाकडे बघावं लागतं ना.

तर "त्या बाईने मला लुबाडलं" हे वाक्य खोडून टाक. हिशोब तर तूच दिलायस, गेटवर २०, दारूचे ६०, स्टेजवर ४०, गाण्यांचे १२०, व्हीआयपी रूमचे ४००. ज्याला लुबाडलं त्याला असा पैसा न पैसा आठवत नाही रे. तुला प्रत्येक वेळी भाव सांगितला, प्रत्येक वेळी तू हो म्हणालास.

आणि त्या ६४० मधले तिला किती मिळाले हे बघ जरा. अमेरिकेतल्या बहुतेक क्लबात नाचणाऱ्या बाईला पगार नसतो, उलट तीच रोजच्या पाळीचे पैसे क्लबला भरते, हाऊस फी म्हणतात त्याला, वर डीजेला द्या, बाउन्सरला द्या, मेकअप रूम सांभाळणाऱ्या बाईला द्या. म्हणजे रात्र सुरू होते ती वजामध्येच, पहिले एकदोन तास फक्त तो खड्डा भरण्यात जातात आणि मंगळवार-बुधवारचं गिऱ्हाईक नसेल तर बाई पदरचे घालून घरी जाते. हर्णैच्या लिलावात ज्या बायका आधी टोपल्या, बर्फ, रिक्षा यावर पैसे घालतात आणि मग मासळी विकून सुटतील का बघतात, त्यांना हे गणित एका मिनिटात कळेल. गेटचे वीस तिचे नाहीत, दारूचे साठ तिचे नाहीत, व्हीआयपीतला क्लबचा वाटा आधी कापला जातो. जवळ बसून नाचायचे पैसे गाण्यावर असतात, गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं, म्हणून डीजे गाणी कापतो आणि म्हणून तुला वाटलं की आत्ताच तर सुरू झालेलं. या सगळ्याला कंटाळून लॉस एंजेलिसच्या एका बारमधल्या नाचणाऱ्या मुलींनी २०२३ मध्ये युनियन केली, सतरा विरुद्ध शून्य मतांनी. तुझी जशी सीमेन्स युनियन तशी त्यांची.

आता नाव विचारण्याचं. हे मी दोनदा वाचलं, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं पान ते आहे. तू लिहिलंयस की सहा महिने जहाजावर तुला कुणी नावाने हाक मारली नव्हती, ब्रिजवर एबी, मेसमध्ये "ए महाराष्ट्रा", व्हिडिओ कॉलवर आईचा आवाज तुटत तुटत. आणि त्या मुलीने विचारलं तुझं नाव काय, तू सांगितलंस, तिला उच्चारता येईना, तिने तीनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा बरोबर जमलं. तुझ्या डोळ्यात पाणी आलं. व्हीआयपीचे चारशे तिथे गेले, बाकी काही बघायला गेले नाहीत, बरोबर ना?

मी तुला असं नाही सांगणार की ती खोटं वागली. तुझ्या वहिनीचंच बघ. पुण्याचे पाहुणे आले की ती म्हणते "तुम्ही म्हणजे घरचेच", रात्री एक वाटी सोलकढी जास्त वाढते, पोराच्या हातावर आमसुलं ठेवते, निघताना गेटपर्यंत येते. खोटं आहे का ते? नाहीये. तिला माणसं आवडतात आणि ती कामात चोख आहे, दोन्ही एकदम खरं असतं. दिवाळीला त्या पाहुण्यांचा मेसेज आला की वहिनी हार्ट पण पाठवते. पण तोच पाहुणा उद्या बुकिंग न करता रात्री अकराला दारात उभा राहिला आणि म्हणाला "वहिनी, मी घरचाच, तुम्हीच म्हणालेलात, तुमच्यासाठी आलोय", तर वहिनी पहिला फोन तुझ्या दादाला करेल. त्या मुलीच्या इन्स्टावरचा रिप्लाय म्हणजे वहिनीचा दिवाळीचा हार्ट. आणि तिने तुझं खरं नाव विचारून स्वतःचं कामावरचं नाव सांगितलं, त्या धंद्यात बहुतेकजणी तसं करतात, स्वतःला जपायला. तेव्हा पुन्हा मेसेज करू नकोस. "मी येतोय, भेटशील का बाहेर" तर अजिबातच नको, तुझ्या मनात कितीही चांगलं असलं तरी तिच्या बाजूने तो मेसेज वाचून बघ, सात समुद्रापलीकडून एक गिऱ्हाईक येतोय आणि मला बाहेर भेटायला सांगतोय. अंगावर काटा येईल तिच्या.

नाव घेणारं माणूस हवं असेल तर त्याला स्वस्त सोयी आहेत, आणि हे मी टिंगल म्हणून बोलत नाहीये. बंदरात खलाशांसाठी सीफेरर्स सेंटर असतं, ह्यूस्टनला पण आहे, त्यांची व्हॅन जहाजाखालून घेऊन जाते, वायफाय असतं, टेबल टेनिस असतं, म्हातारे व्हॉलंटियर असतात जे खरंच तास तासभर बोलत बसतात. तुम्ही पोरं तिथे फक्त सिमकार्डाला जाता. फार खचल्यासारखं वाटलं तर सीफेररहेल्प म्हणून चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे, हिंदीत बोलतात. आणि जहाजावर एक साधी गोष्ट तूच सुरू कर, मेसमध्ये दुसऱ्याला त्याच्या नावाने हाक मार. फिलिपिनो मोटरमनला त्याच्या आईने ठेवलेलं नाव काय आहे तुला माहीत आहे का? सहा महिने एकत्र जेवलात.

परत जाऊ का, हा प्रश्न. माझं म्हणणं, याच मुलीसाठी जाऊ नकोस आणि बोसन म्हणतो म्हणून जाऊ नकोस. "मर्द आहेस की नाही" हे जो विचारतो त्याला तुझ्या मर्दपणाची पडलेली नसते, बिल चौघांत वाटायचं असतं. पण तुझ्यासारखी बरीच पोरं हे वाचत असणार आणि त्यातली निम्मी जाणारच, मी नको म्हणून कोण ऐकतंय, तेव्हा जे जाणार त्यांच्यासाठी नीट सांगून टाकते.

कार्ड जहाजावर ठेवा. जेवढे घालवायची तयारी आहे तेवढीच कॅश खिशात, ती संपली की उठायचं, एटीएम क्लबातच असतं आणि त्याचं कमिशन जबरी असतं. स्टेजला लागून खुर्ची घेतली तर प्रत्येक नाचाला टीप ठेवायची, फुकट बघायचं असेल तर मागे बसा, लग्नात आहेर न देता पहिल्या पंगतीला बसल्यासारखं करू नका. ती जवळ आली, बसली, हसली, याचा अर्थ हात लावायची परवानगी असा होत नाही. मोबाईल खिशाबाहेर काढायचा नाही, फोटो तर लांबच, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर विसराच, त्या मुलीची शाळा-कॉलेजची मुलं, आई-बाप कोण कुठे असेल. आतल्या खोलीत जायच्या आधी तोंडावर विचारायचं, किती वेळ, किती पैसे, त्यात काय आणि काय नाही, बाटली घ्यावीच लागते का. आणि "बाहेर" काही मागायचं नाही, टेक्सासमध्ये २०२१ पासून पैसे देऊन शरीरसंबंध मागणं, नुसतं मागणं सुद्धा, फेलनी म्हणजे मोठा गुन्हा आहे. पकडलात तर व्हिसा गेला, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, घेऊन घरी बसा. दारूचं तर तुम्हाला माहीत आहेच, एसटीसीडब्ल्यूची, म्हणजे खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांची, मर्यादा रक्तात ०.०५ टक्के, बऱ्याच कंपन्यांची त्याच्याही खाली म्हणजे शून्यच, सकाळी चार ते आठचा वॉच, म्हणजे ड्यूटी, असेल तर रात्री एकला पिऊन चढू नका. शोर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी, संपायची वेळ हातावर पेनाने लिहून ठेवा. जहाज चुकलं तर अमेरिकेत तुम्ही पळून गेलेले खलाशी ठरू शकता, मग सांगत बसा बोसन म्हणाला म्हणून.

तुझं प्रकरण बसण्यापुरतंच होतं असं तू लिहिलंयस, म्हणजे आजाराची भीती काढून टाक. पण ज्यांचं तेवढ्यावर थांबलं नाही त्यांनी लाजू नये, सिव्हिल हॉस्पिटलात आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आयसीटीसी, म्हणजे सल्ला आणि तपासणीचं केंद्र, असतं, एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त, १०९७ ला फोन केला तरी सांगतात कुठे जायचं.

आणि जे जहाजावर नाहीत, कुडाळ-सावंतवाडीकडून गोव्याला बाईक घेऊन जातात त्यांच्यासाठी एक ओळ, बागा-कळंगुटला रस्त्यावर जो माणूस कानात येऊन सांगतो की "भाऊ, आत सगळं दाखवतात", तिथे काही दाखवत नाहीत, दार लावतात आणि पन्नास हजाराचं बिल देतात. त्याच्या मागे जाऊच नका, आणि अडकलात तर ११२ लावा, घरी कळेल या भीतीने कार्डाचा पिन देऊन टाकू नका.

आता लग्नाचं. बघायला गेलास आणि पोह्यांच्या बशीवर ह्यूस्टन मांडलंस तर ते काही प्रामाणिकपण नाही, तुझ्या मनावरचं ओझं त्या बिचारीच्या मांडीवर ठेवून मोकळं व्हायचा प्रकार आहे तो. एका अनोळखी मुलीला तुझ्या मागच्या प्रत्येक रात्रीचा हिशोब देणं लागत नाहीस. पण गोष्ट पुढे सरकली, दोन्हीकडून हो व्हायला लागलं, की साखरपुड्याच्या आधी एकदा दोघंच बोला, मुरुडच्या किनाऱ्यावर चालत चालत, घरच्यांना चहा पिऊ दे. तिथे सांग की बोटीवरची माणसं अशा जागी जातात, मी एकदा गेलो होतो, बरेच पैसे घालवले, पुढे काय करायचं ते तुझ्याशी बोलून ठरवायचंय. आणि मग तिचं ऐक. ती म्हणेल मला चालणार नाही, किंवा म्हणेल बघितलंस तर बघितलंस पण पैसे आणि खोटं नको, किंवा उठून जाईल. तिन्ही तिचा हक्क आहे. लपवून पुन्हा जायचा बेत मनात ठेवून मात्र बोहल्यावर चढू नकोस.

आणि तिचाही विचार कर थोडा. तू जहाजावर आठ महिने, ती तुझ्या घरात, जिथे आई तिला "सूनबाई" म्हणेल, वहिनी "जाऊबाई", पोरं "काकी", आणि तिच्या नावाने हाक मारणारा एकटा तू, तो बंगालच्या उपसागरात रेंज शोधतोय. तिला कोण विचारणार तीनतीनदा नाव?

माझे वडील बोटीवर होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत हॅम्बुर्गच्या एका बारची माचिस सापडली, वर बाईचं चित्र, बाईच्या अंगावर फारसं काही नाही. आम्ही बहिणी एकमेकींकडे बघतोय. आईने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, म्हणाली "थंडी असते तिकडे फार", आणि शेगडीच्या बाजूला ठेवून दिली. मग वापरून संपवली पण. मी यातून तुझ्यासाठी काही काढत नाहीये, आईला काय वाटलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि तुझ्या बायकोने असं वागावं असं तर मुळीच नाही. नुसतं आठवलं.

आता ते "पण ते जाऊ दे".

तू एका रात्रीचे पैसे लपवायला जो माणूस पुढे केलास त्याचं तोंड तुला माहीत आहे. त्याने तुला तीन वेळा जहाज दिलं. तुझे बाबा बंदरावर, बर्फाच्या गाडीजवळ, सोसायटीत सांगतायत की तो चोर आहे, आणि लोक लगेच विश्वास ठेवतात कारण आपल्याकडे बोगस एजंटांनी खरंच किती पोरांना बुडवलंय, कागद आफ्रिकेचे आणि पोरगा इराणच्या टगवर. ज्याच्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स आहे त्याला नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत, कुणी घेतले तर डीजी शिपिंग या सरकारी खात्याकडे तक्रार करता येते, आणि ज्याचे खरंच कापले गेलेत असा एखादा पोरगा उद्या तक्रार करेल तेव्हा लोक म्हणतील, अरे मागच्या वेळी पण असंच ऐकलेलं. त्या मुलीचं तू काही देणं लागत नाहीस, तिचे पैसे तू तिथल्या तिथे चुकते केलेस. देणं राहिलंय ते या एजंटचं आणि बाबांचं.

तुझ्याकडे वेज स्लिप, म्हणजे पगाराचा हिशोब, आहे, असणारच, साइन ऑफला मिळते. त्यात एक ओळ आहे, कॅश ॲडव्हान्स, कॅप्टनकडून जहाजावर उचललेले डॉलर, समोर ६४० किंवा जे काय असेल ते. एजंटच्या नावाने काहीही कापलेलं नाही. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही असं लिहिलंयस, म्हणून तर ती थाप खपली. सध्या मासेमारी बंद आहे, बोट शाकारून वर काढलेली, बाबा पडवीत जाळी शिवत बसत असतील. त्या वेळी जा. जाळं शिवणाऱ्याचे डोळे हातात असतात, तुझ्या तोंडाकडे बघायची सक्ती नसते त्यांना, तुला पण सोपं जाईल. एक टोक धरून बस आणि सांग, "बाबा, एजंटने काही कापले नाहीत, मी ह्यूस्टनला उडवले." कशावर म्हणाले तर "दारू आणि नाच". त्याच्यापुढे जांभळे लाईट आणि नखाचा रंग सांगायची गरज नाही, ते तुझं तुझ्यापाशी राहू दे. ते ओरडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत, इंजिनचं काम नारळी पौर्णिमेपर्यंत व्हायला हवंय म्हणून जास्तच. पुढच्या अलॉटमेंटमधून, म्हणजे पगारातून घरी येणाऱ्या पैशातून, दोन हप्त्यात देतो म्हण, आणि मेकॅनिकला तूच फोन करून तोवर थांब म्हणून सांग, ते पण बाबांच्या गळ्यात टाकू नकोस.

मग दोघं मिळून एजंटच्या ऑफिसात जा. बाबा यायला तयार नसतील तर तू एकटा जा, पण ज्या दोन-चार जणांसमोर बाबांनी चोर म्हटलंय त्यांच्यापर्यंत तुझ्याच तोंडून गेलं पाहिजे की तो चोर नाही, बर्फाच्या गाडीजवळ उभा राहून सांग हवं तर. लाज वाटेल, वाटू दे. ऑफिसात फार बोलू नकोस, स्लिप टेबलावर ठेव, घडलं ते दोन वाक्यात सांग, त्याने चहा मागवला तर पी.

आणि स्लिप नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, जूनचा पाऊस आहे, बाईकवर भिजून त्याचा लगदा होईल.

तुझी ताई